मायकेल जॅक्सन ‘गोरा झाला’ नव्हता, त्याला कोड होतं

‘पैसा आला आणि मायकेल जॅक्सनने कातडी गोरी करून घेतली’ हे आपल्याकडेही वर्षानुवर्षं ठासून सांगितलं जातं. ते खरं नाही. फेब्रुवारी १९९३ मध्ये ओप्रा विन्फ्रीला दिलेल्या टीव्ही मुलाखतीत त्याने स्वतःच त्वचेचा रंग जाण्याच्या आजाराबद्दल सांगितलं होतं. कोट्यवधी लोकांनी ऐकलं, पण अनेकांनी ती सारवासारव समजली. २००९ च्या शवविच्छेदन अहवालात मात्र कोडाची स्पष्ट नोंद आहे.

मग अंग सरसकट पांढरं कसं दिसायचं? कोडात शरीराची रोगप्रतिकारशक्तीच त्वचेतल्या रंगपेशी मारते. ओठांभोवती, पापण्यांवर, बोटांच्या टोकांवर डाग येतात आणि सावळ्या कातडीवर ते जास्तच उठून दिसतात. काहींचे डाग जवळजवळ अंगभर पसरतात. अशा वेळी उरलासुरला रंग काढून टाकणारं मलम डॉक्टरच देतात. हा उपचार आहे, गोरेपणाची हौस नव्हे.

मायकेल जॅक्सनचा स्मृतिदिन म्हणजे २५ जून हा २०११ पासून जागतिक कोड दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी बातम्या येतात, हे चांगलंच आहे. पण आपल्या घरांतलं खूळ अजून गेलेलं नाही. मासे खाऊन दूध प्यायल्याने कोड होत नाही. शिवल्याने, एका ताटात जेवल्याने पसरत नाही. कुष्ठरोगाशी त्याचा संबंध नाही: कुष्ठरोगाच्या चट्ट्यावरची संवेदना सहसा कमी होते, कोडाच्या डागावर ती शाबूत असते. तरीही ठरलेली लग्नं मोडतात, याची चीड येते.

डाग नवा असतानाच त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. मलमं आणि प्रकाशोपचाराने, विशेषतः चेहऱ्यावर, रंग परत येऊ शकतो.