टी-कसोटी, दोन स्वतंत्र नमुन्यांची

परस्परांशी संबंध नसलेल्या दोन गटांच्या सरासरींतील फरक खरा की निव्वळ नमुन्याच्या योगायोगाने आलेला, हे तपासण्याची संख्याशास्त्रीय रीत. सरासरींच्या फरकाला त्याच्या प्रमाण त्रुटीने (नमुन्यागणिक तो फरक साधारण किती हलेल त्याच्या मापाने) भागून टी काढतात.

डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यातील विल्यम सीली गॉसेट यांनी १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लहान नमुन्यांवरील लेख प्रसिद्ध केला. त्यातल्यासारख्याच रूपाचे वितरण (राशीच्या कोणत्या किमती किती वेळा येतील हे सांगणारे सूत्र) जर्मन गणिती ल्यूरोट यांच्या १८७६ च्या लेखात आढळते. पण तेथील संदर्भ त्रुटिसिद्धान्ताचा, म्हणजे मोजमापांतील चुकांच्या अभ्यासाचा, असल्याने कसोटीचे श्रेय गॉसेट यांना देणेच उचित दिसते. गॉसेट यांनी टी नव्हे, तर झेड नावाची राशी वापरली होती. टी व स्वातंत्र्यमात्रा (मोकळेपणी बदलू शकणाऱ्या निरीक्षणांची संख्या) यांची आजची मांडणी, तसेच दोन नमुन्यांपर्यंतचा विस्तार, ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांचा असून १९२५ पर्यंत तो स्थिरावला होता.

फिशर यांच्या रीतीत दोन्ही समष्टींचे (नमुने ज्यांतून घेतले त्या पूर्ण समूहांचे) प्रचरण, म्हणजे विखुरणाचे माप, समान मानून ते एकत्र काढतात. समानता नसेल तर काय, हा वाद बेरेन्स-फिशर प्रश्न म्हणून ओळखला जातो. बेरेन्स यांनी १९२९ मध्ये सुचवलेले उत्तर फिशर यांनी १९३५ मध्ये उचलून धरले. बार्टलेट यांनी त्यावर आक्षेप घेतला. या उत्तरासाठी लागणारे तक्ते मूळचे सातारा जिल्ह्यातील पां. वा. सुखात्मे यांनी १९३८ मध्ये ‘संख्या’ या नियतकालिकात दिले. व्यवहारात मात्र वेल्श यांची रीत (१९३८, १९४७) टिकली. तीत प्रत्येक गटाचे प्रचरण त्याच्याच निरीक्षणसंख्येने भागून बेरीज करतात आणि स्वातंत्र्यमात्रा घटवतात.

समजा, १६ व ६ निरीक्षणांच्या गटांची प्रचरणे १६ व ६६ आणि सरासरींतील फरक ६ आहे. एकत्रित प्रचरण २८.५, प्रमाण त्रुटी २.५६, टी २.३५, २० स्वातंत्र्यमात्रांना ५ टक्के पातळीची मर्यादा २.०९; टी तिच्याहून मोठी असल्याने फरक सार्थ, म्हणजे निव्वळ योगायोगाचा नाही असा, ठरतो. वेल्श रीतीने प्रमाण त्रुटी √(१ + ११) म्हणजे ३.४६, टी १.७३, स्वातंत्र्यमात्रा सुमारे ५.९ आणि मर्यादा सुमारे २.४५. फरक सार्थ राहत नाही. लहान गटात विखुरण जास्त असले की एकत्रित रीत अशी फसवते. गट समसंख्य असतील तर धोका बराच कमी. प्रचरणांची वेगळी चाचणी घेऊन मग रीत निवडू नये, कारण लहान नमुन्यात ती चाचणीच दुबळी असते. सुरुवातीपासूनच वेल्श रीत घ्यावी.

जोडीने घेतलेल्या, जसे एकाच व्यक्तीच्या दोन, नोंदींना ही कसोटी लावू नये. गॉसेट यांच्याच लेखातील दहा रुग्णांच्या झोपेच्या नोंदी स्वतंत्र मानल्या तर टी १.८६ येते, जोड्या धरल्या तर ४.०६.