लोकलमधलं नाणं आणि वर्गातला गोंगाट

‘पोरांनीच पोरांना शिकवायचं, तर मास्तरांना पगार कशाला?’ वर्गात चर्चा घडवून आणणाऱ्या शिक्षकाला पालकसभेत हा टोमणा हमखास बसतो. पण चर्चा म्हणजे नुसत्या गप्पा नव्हेत.

समजा, नववीच्या वर्गात प्रश्न टाकला: लोकल सरळ रुळावर एकसारख्या वेगाने धावतेय, तुम्ही डब्यात उभं राहून नाणं सरळ वर उडवलंत. ते कुठे पडेल? हातात असेल तर एक बोट, मागे असेल तर दोन, पुढे असेल तर तीन. बोटं छातीशी धरायची, शेजाऱ्याला दिसता कामा नयेत. जडत्वाचा नियम घडाघडा म्हणणारी मुलंही इथे खुशाल दोन बोटं दाखवतात. शिक्षकाने उत्तर सांगायचं नाही. शेजाऱ्याशी दोन मिनिटं भांडा, त्याला पटवा, मग पुन्हा बोटं.

हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९१ पासून रुजवलेली ही पद्धत. पहिल्या फेरीत साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर असतील तेव्हाच चर्चा रंगते. त्याहून कमी असतील तर धडा पुन्हा शिकवावा, जास्त असतील तर पुढे जावं.

नाणं अर्थात हातातच पडतं. सुटताना ते गाडीचाच आडवा वेग घेऊन सुटतं आणि तो घटवणारं आडवं बल नसतं, कारण डब्यातली हवाही सोबतच धावते. (दारात उभं राहून हा प्रयोग करू नका!)

पण मुलांनी हुशार शेजाऱ्याची नक्कल केली नाही कशावरून? त्यासाठी लगेच दुसरा प्रश्न: नाणं हवेत असतानाच मोटरमनने ब्रेक मारला तर? गाडी मंदावते, नाण्याचा आडवा वेग तसाच राहतो. ते पुढे पडतं. नक्कल करणारा इथे पकडला जातो. कोलोरॅडो विद्यापीठात जनुकशास्त्राच्या वर्गात अशीच प्रश्नांची जोडी वापरली होती. २००९ साली ‘सायन्स’मध्ये आलेला निष्कर्ष मला फार आवडतो: ज्या गटात सुरुवातीला एकालाही उत्तर येत नव्हतं, तिथली मुलंही चर्चेनंतर सुधारली. स्वतःचा तर्क मोठ्याने मांडताना त्यातली भोकं दिसतात.

‘वाचलेलं १० टक्के, करून पाहिलेलं ९० टक्के लक्षात राहतं’ हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा पिरॅमिड मात्र खुशाल डिलीट करा. तो ज्यावरून आला, त्या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांच्या १९४६च्या मूळ शंकूत आकडेच नव्हते. खरे आकडे हवेत तर २०१४ मध्ये २२५ अभ्यास एकत्र तपासले गेले: नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचं प्रमाण सुमारे ३४ टक्के, मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गांत २२.

गंमत म्हणजे २०१९च्या हार्वर्डमधल्या प्रयोगात अशा वर्गातली मुलं जास्त शिकली, पण त्यांना वाटलं उलटंच. ओघवतं व्याख्यान ऐकलं की सगळं कळल्यासारखं वाटतं. म्हणून ही पद्धत सुरू करताना पहिल्याच आठवड्यात मुलांना हे सांगून टाकलेलं बरं.