पहिला वेतनकरार (पुणे औद्योगिक परिसर)

कारखान्यात नव्याने उभी राहिलेली कामगार संघटना आणि मालक यांच्यात वेतन व सेवाशर्तींविषयी प्रथमच होणारा लेखी करार. संघटनेची नोंदणी, मागणीपत्र, वाटाघाटी आणि सह्या हे त्याचे टप्पे सर्वपरिचित आहेत. त्यांपैकी मागणीपत्र व सह्या यांमधला काळ, तो लांबण्याची कारणे आणि त्या काळात सभासदांची होणारी कोंडी यांचा विचार येथे केला आहे. पुणे परिसरात पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण, तळेगाव व रांजणगाव येथील अभियांत्रिकी आणि वाहनांचे सुटे भाग बनविणारे कारखाने हे त्याचे मुख्य क्षेत्र होय. नंतरचे करार बहुधा तीन वर्षांचे, काही ठिकाणी त्याहून लांब मुदतीचे असतात. तेही रखडतात, पण त्या रखडण्याचे स्वरूप वेगळे असते.

भारतात सामूहिक कराराचा आरंभ कोठून मानावा, याबद्दल एकमत नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या बाँबे मिल हँड्स असोसिएशनपासून (काहींच्या मते १८८४, काहींच्या मते १८९०) तो मानण्याची प्रथा मराठी लेखनात रूढ आहे. लोखंड्यांचा पुण्याशी संबंध सत्यशोधक समाजामुळे आणि १८७७ मध्ये पुण्यात सुरू होऊन पुढे त्यांच्या हाती मुंबईत चाललेल्या दीनबंधु पत्रामुळे येतो. तथापि १८९० मध्ये गिरणीमालकांनी मान्य केलेली रविवारची सुटी ही सवलत होती, करार नव्हे. या संघटनेला सभासदांची यादी, निधी व नियम नाहीत, अशी नोंद तत्कालीन सरकारी अहवालातच आढळते. दुसरा पक्ष अहमदाबादचा १९१८ चा गिरणीसंप आणि १९२० मध्ये स्थापन झालेली मजूर महाजन ही कामगार संघटना यांकडे बोट दाखवतो. मात्र तेथील भर वाटाघाटीपेक्षा लवादावर होता. तिसरे मत बंगालमधील बेलूर येथील इंडियन ॲल्युमिनियम (१९५१) आणि जमशेटपूर येथील टाटा पोलाद कारखाना (१९५६) यांतील मुदतबंद करारांना आद्य मानते. दोन्ही पक्षांच्या सह्या, ठरावीक मुदत आणि मुदतीअखेर फेरविचार ही कसोटी लावल्यास हे तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

पुण्यात खडकीचा दारूगोळा कारखाना (१८६९) पुष्कळच जुना आहे, परंतु तेथील वेतन केंद्र सरकार ठरवते. त्यामुळे पुण्यापुरता हा विषय पिंपरीत १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून धरणे सोयीचे. या कंपनीच्या वेतनवादात सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये निर्णय देताना, खासगी उद्योगाला लागू असलेले ‘उद्योग-सह-प्रदेश’ हे सूत्र सार्वजनिक उद्योगालाही लागू केले. त्याच भागातील, त्याच धंद्यातील कारखान्यांत वेतन किती, हे पाहून वेतन ठरवावे, असे ते सूत्र आहे. पहिल्या कराराच्या बैठकीत कामगार प्रतिनिधी शेजारच्या कंपनीच्या पगाराचे तक्ते पुढे ठेवतात, त्यामागे हाच विचार असतो. व्यवस्थापन त्यावर ‘ती कंपनी मोठी, आमची लहान’ असे उत्तर देते, आणि तुलना कोणाशी करायची यावरच काही बैठका खर्ची पडतात.

विलंबाचे मूळ मात्र वाटाघाटीच्या टेबलाआधीच शोधावे लागते. कामगार संघटना अधिनियम, १९२६ नुसार सात कामगारांनाही नोंदणीसाठी अर्ज करता येई. २००१ च्या दुरुस्तीने किमान दहा टक्के किंवा शंभर कामगार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती, आवश्यक ठरली. पण नोंदणी म्हणजे मान्यता (वाटाघाटीसाठी कामगारांचा अधिकृत प्रतिनिधी म्हणून स्वीकार) नव्हे. मालकाला मान्यतेची सक्ती करणारी तरतूद १९४७ मध्ये मंजूर झाली, ती अमलात आलीच नाही. १९५८ च्या औद्योगिक शिस्तसंहितेत मान्यतेचे निकष होते, पण ती संहिता ऐच्छिक होती. महाराष्ट्राने ही उणीव आपल्यापुरती भरून काढली. १९६८ मध्ये नेमलेल्या अनुचित कामगार प्रथा समितीच्या कामातून १९७१ चा राज्य कायदा तयार झाला आणि तो ८ सप्टेंबर १९७५ पासून अमलात आला. पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या उपक्रमात, अर्जापूर्वीच्या सलग सहा महिन्यांत किमान तीस टक्के सभासद असणाऱ्या संघटनेला औद्योगिक न्यायालयाकडे मान्यता मागता येते. एका उपक्रमात एकच मान्यताप्राप्त संघटना असते. मान्यताप्राप्त संघटनेशी सद्‌भावनेने सामूहिक वाटाघाटी करण्यास नकार देणे ही या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीतील अनुचित प्रथा आहे. बाल्मर लॉरी प्रकरणात (१९८४) सर्वोच्च न्यायालयाने मान्यताप्राप्त संघटनेचा हा एकाधिकार वैध ठरविला.

येथे एक शब्द निर्णायक ठरतो, तो म्हणजे ‘मान्यताप्राप्त’. वाटाघाटीचे हे बंधन मान्यतेनंतर लागू होते, त्याआधी नाही. सहा महिने सभासदत्व टिकवायचे, मग अर्ज करायचा. अर्जाचा निकाल शक्यतो तीन-चार महिन्यांत लागावा अशी कायद्याची अपेक्षा आहे, पण ‘शक्यतो’ या शब्दाला पुष्कळ जागा असते. अन्वेषण अधिकारी पावतीपुस्तके, सभासद अर्ज आणि हजेरीपट ताडून पाहतात. महिना किमान पन्नास पैसे वर्गणी, तीन महिन्यांच्या आत कार्यकारिणीची बैठक आणि ठरावांची इतिवृत्तात नोंद या अटी कागदावर किरकोळ दिसतात. प्रत्यक्षात हरकती याच गोष्टींवर घेतल्या जातात. पावतीवरील सही कोणाची, अमुक सभासद कामगार की पर्यवेक्षक, शिकाऊ व कंत्राटी कामगार मोजायचे की नाहीत, असे प्रश्न निघतात आणि प्रत्येक प्रश्नाला एकेक तारीख पडते. शिवाय अर्जापूर्वीच्या सहा महिन्यांत बेकायदा ठरलेल्या संपाला चिथावणी दिली असेल, तर मान्यता मिळत नाही. म्हणजे ज्या काळात मालकावर बोलण्याचे बंधन नाही, त्याच काळात संघटनेला सर्वाधिक जपून राहावे लागते. काळ्या फिती, कँटीनच्या जेवणावर बहिष्कार, गेटसभा हे सौम्य मार्ग पुण्यात इतके रूढ का, याचा खुलासा काही अंशी येथे मिळतो.

मान्यता नसली तरी औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ खाली संराधनाचा, म्हणजे सरकारी अधिकाऱ्याच्या मध्यस्थीने तडजोडीचा (कामगारांच्या बोलीत ‘कन्सिलिएशन’चा) मार्ग होता. पुण्यात ही प्रकरणे शिवाजीनगरच्या कामगार आयुक्तालयातील अधिकाऱ्यांपुढे चालत. संराधन अधिकाऱ्याने चौदा दिवसांत अहवाल द्यावा, असे कायद्यात म्हटले होते. परंतु अंधेरी-मरोळ-कुर्ला बस सर्व्हिस प्रकरणात (१९५९) सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले, की चौदा दिवस उलटल्याने कारवाई आपोआप संपत नाही, ती अहवाल सरकारला पोहोचल्यावर संपते. कारवाई चालू असताना कामगारांच्या सेवाशर्ती बदलण्यास कायद्याने मनाई होती, त्यामुळे निर्णयाचा हा अर्थ त्यांना काही बाबतीत सोयीचाही ठरला. मुदत मात्र सैल झाली. त्यातही लोकोपयोगी सेवा नसलेल्या कारखान्यात विवाद दाखल करून घ्यायचा की आधी ‘चर्चा’ करायची, हे अधिकाऱ्यावर सोपविलेले असे. चर्चेच्या टप्प्यात हे संरक्षण लागू नसे. अनुभवी पुढारी ‘दाखल झालं का?’ हे पहिल्यांदा विचारतात ते यामुळे.

वाटाघाटी सुरू झाल्यावरचे विलंबाचे मार्ग संघटनांच्या माणसांकडून जवळजवळ एकाच क्रमाने ऐकू येतात. एचआर प्रमुख बदलतो आणि नवा प्रमुख आरंभापासून सुरुवात करतो. विदेशी मालकीच्या कंपनीत ‘मुख्यालयाची मंजुरी’ यायची असते. मंदी असते, किंवा नवे मॉडेल यायचे असते. आधी उत्पादकतेचे आकडे ठरवू, मग रकमेवर बोलू, असे सांगितले जाते. दरम्यान एकतर्फी वार्षिक वाढ दिली जाते, कार्यसमितीला (कामगार व व्यवस्थापन यांच्या संयुक्त समितीला) पुढे केले जाते, पदाधिकाऱ्यांची दूरच्या प्लांटवर बदली होते किंवा त्यांना आरोपपत्र मिळते. द्वेषबुद्धीने केलेली बदली १९७१ च्या राज्य कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत अनुचित ठरते आणि तक्रार नव्वद दिवसांत करता येते. पण तक्रार बदलीपुरती असते, करार त्यामुळे पुढे सरकत नाही. ‘बाहेरच्या’ पुढाऱ्याची संघटना मोडून कारखान्यापुरती अंतर्गत संघटना उभी करण्याचे प्रयत्नही याच काळात होतात. अंतर्गत संघटना मालकधार्जिणीच असते असे मात्र नाही. पुण्यात अशा संघटनांनी चिवट वाटाघाटी केल्याचे दिसते.

पहिल्या कराराला मागचा आधार नसतो, हेही महत्त्वाचे. जुना करार संपला तरी नोटीस देऊन दोन महिने होईपर्यंत तो पक्षांवर बंधनकारक राहत असे. पहिल्या वेळी नेमणूकपत्र आणि स्थायी आदेश (कारखान्याचे सेवानियम) यांपलीकडे काहीच नसते. मागील करार संपल्याची तारीख नसल्याने वाढ कोणत्या दिवसापासून, म्हणजे ‘फरक’ किती महिन्यांचा, हेच वादाचे होते. विलंबाचा खर्च कोणी सोसायचा हे त्या तारखेवर ठरते. मागणीपत्राची तारीख धरली तर उशीर मालकाला महाग पडतो, सहीची तारीख धरली तर फुकट. व्यवहारात एकरकमी रक्कम देऊन मध्य काढला जातो. करार थेट झाल्यास तो सह्या करणाऱ्या पक्षांपुरता आणि संराधनात झाल्यास सर्व कामगारांना बंधनकारक, हा भेदही पहिल्या वेळी प्रकर्षाने जाणवतो.

विलंबाच्या कारणांबद्दल दोन मते आढळतात. व्यवस्थापनाच्या बाजूने लिहिणारे संघटनांच्या बहुलतेला दोष देतात, तर चळवळीतील लेखक मालकाच्या हेतूला. दोन्हींत तथ्य असले, तरी नोंदणी आणि मान्यता यांमधील मोकळ्या जागेवर बोट ठेवणारे विवेचन अधिक पटते. त्या जागेत हेतू वाईट असण्याचीही गरज पडत नाही, नुसते थांबले तरी पुरते. कॅनडातील ब्रिटिश कोलंबियाने १९७३ मध्ये पहिला करार अडल्यास तो लवादाने ठरविण्याची तरतूद केली. भारतात पहिल्या करारासाठी असा वेगळा मार्ग नाही.

टेल्कोच्या (आजच्या टाटा मोटर्सच्या) पिंपरी कारखान्यातील १९८८-८९ चा, राजन नायर यांच्या नेतृत्वाखालील लढा हा पहिल्या कराराचा प्रसंग नव्हे. मात्र व्यवस्थापनाने प्रतिस्पर्धी संघटनेशी करार केला आणि शनिवारवाड्यावर कामगारांचे उपोषण झाले, यामुळे ‘करार कोणाशी’ हा प्रश्न पुण्यात त्यानंतर सतत चर्चेत राहिला.

औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही १९२६ व १९४७ च्या केंद्रीय कायद्यांच्या जागी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तीत एकाहून अधिक संघटना असल्यास वाटाघाटी संघटनेसाठी ५१ टक्क्यांची अट आहे. एकाही संघटनेकडे तेवढे सभासद नसल्यास किमान २० टक्के सभासद असलेल्या संघटनांची वाटाघाटी परिषद होते. संराधनाची मुदत पंचेचाळीस दिवस आहे आणि अहवालानंतर नव्वद दिवसांत पक्षांना सरकारने प्रकरण सोपविण्याची वाट न पाहता थेट न्यायाधिकरणाकडे जाता येते. राज्य कायद्यातील तीस टक्क्यांच्या तुलनेत एक्कावन्न टक्क्यांची अट ही ठेकेदारी व शिकाऊ मनुष्यबळ जास्त असलेल्या चाकणसारख्या भागात किती जड जाईल, हे हजेरीपटावर कोणाची नावे धरली जातात यावर अवलंबून राहील. हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रातील संघटनांचे काम वेतनकरारापेक्षा मुख्यतः सक्तीचे राजीनामे, रखडलेल्या नेमणुका अशा तक्रारी शासनापुढे मांडण्याचे आहे.