पॅरिसच्या पाट्यांवरची धातुसाधितं

पॅरिसमध्ये दुकानाच्या दारावर ‘फेर्मे’ अशी पाटी असेल तर दुकान बंद, ‘ऊव्हेर’ असेल तर उघडं. मेट्रोत बाण दाखवून लिहिलेलं असतं ‘सोर्ती’, म्हणजे बाहेर पडायची वाट. तिन्ही शब्द मुळात भूतकालवाचक धातुसाधितं, म्हणजे झालेली क्रिया सांगणारी, धातूपासून बनलेली रूपं: बंद केलेलं, उघडलेलं, बाहेर पडलेली. पहिली दोन विशेषणं, तिसरं मात्र सरळ नाम होऊन बसलंय.

विशेषणांचा भाग मराठी माणसाला नवा नाही. आपण पिकलेला आंबा, पिकलेली चिंच म्हणतो, तसंच तिथेही लिंग-वचनाप्रमाणे रूप बदलतं. फक्त ते नामाच्या मागून येतं. दार फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी, म्हणून उघडं दार ‘पोर्त ऊव्हेर्त’. पुल्लिंगात मुका राहिलेला ‘त’ इथे ऐकू येतो. ‘फेर्मे’च्या स्त्रीलिंगात जादा अक्षर नुसतं कागदावर चढतं, उच्चार तोच. फ्रेंच मुलंही इथे हमखास चुकतात.

अर्थही ओळखीच्या वाटेने जातो. सकर्मक धातू असेल तर विशेषण कर्माचं (लिहिलेलं पत्र). पडणं, मरणं, येणं अशा धातूंचं असेल तर कर्त्याचं (पडलेलं पान). आपला ‘शिकलेला माणूस’ हा नियम मोडतो. तिकडे ‘ऑम रेफ्लेशी’ मोडतो: अर्थ विचारी माणूस.

खरी गंमत नामांत आहे. पुल्लिंगी नाम पुष्कळदा माणूस असतं: ‘ब्लेसे’ म्हणजे जखमी. स्त्रीलिंगी पुष्कळदा क्रिया: ‘आरिव्हे’ आगमन, ‘आँत्रे’ प्रवेश. कधी वस्तूही, आपल्या टोमॅटो प्युरीतली ‘प्युरी’ म्हणजे मुळात गाळलेली.

काही नामं तर क्रियापदाने टाकून दिलेली जुनी रूपं आहेत. लॅटिन ‘पेर्दिता’, हरवलेली, झिजून ‘पेर्त’ झाली, अर्थ तोटा. क्रियापदाने नवं धातुसाधित घेतलं, ‘पेर्द्यु’. तसंच ‘वाँत’ म्हणजे विक्री, आणि ‘वाँद्यु’ म्हणजे विकलेला; माणसाला म्हटलं तर शिवीच.

मराठीनेही हेच केलं. संस्कृत ‘मृत’ हे धातुसाधित. प्राकृतात त्याला ‘इल्ल’ प्रत्यय चिकटून पुढे ‘मेला’ झालं. हे रूप भूतकाळाच्या कामाला लागलं तेव्हा विशेषणासाठी पुन्हा प्रत्यय जोडून ‘मेलेला’ घडवावं लागलं. आणि जुनं ‘मेला’ नाम म्हणूनही टिकलंय: ‘अरे मेल्या’ म्हणताना त्यालाच हाक मारलेली असते.