सिरॅमिक ऑक्साइडमधली ग्रेन बाउंड्री आणि तिचं कॉम्प्युटर मॉडेल

ग्रेन बाउंड्री म्हणजे दोन स्फटिक दाण्यांमधला धुरा. एका वावरात कपाशीचे तास पूर्व-पश्चिम, बाजूच्या वावरात तिरपे, तर धुऱ्यावर ते जुळत नाहीत, जागा वाकडीतिकडी सुटते अन् तरोटा नेमका तिथंच माजतो. ॲल्युमिना (ॲल्युमिनियम ऑक्साइड), मॅग्नेशिया (मॅग्नेशियम ऑक्साइड) भट्टीत भाजले की आत असे असंख्य धुरे बनतात.

शेतातल्या डीपीवरचा लाइटनिंग अरेस्टर पाहा. आत झिंक ऑक्साइडच्या चकत्या, थोडं बिस्मथ ऑक्साइड मिसळलेलं, ते धुऱ्यावर जाऊन बसतं. एकेक धुरा साधारण ३ व्होल्ट अडवतो, त्यापुढं सोडून देतो. दाणा १० मायक्रॉनचा धरला तर १ मिलिमीटरमध्ये १०० धुरे, म्हणजे ३०० व्होल्ट. वीज पडली की तिचा करंट जमिनीत जातो, अर्थिंग धड असेल तर.

मॉडेल करताना अख्खा स्फटिक कापायचा, अर्धा भाग फिरवायचा, परत जोडायचा. मॅग्नेशियात ३६.८७ अंश फिरवला तर दर पाचवी जागा दोन्हीकडची जुळते, त्याला सिग्मा ५ म्हणतात, शिकणारे बहुतेक इथूनच सुरू करतात. भानगड अशी की ऑक्साइडातले अणू म्हणजे आयन, त्यांच्यावर प्लस किंवा मायनस चार्ज असतो, प्लससमोर प्लस आला की ढकलाढकली, म्हणून एक बाजू जराजरा सरकवून पाहायची आणि दरवेळी सगळ्यांना कमीत कमी ऊर्जेच्या जागी बसू द्यायचं. गावात धुरा वीतभर सरकवला तर मामला तहसीलमध्ये जातो, इथं सरकवणं हेच काम! एकाच सुरुवातीवरून काढलेल्या उत्तरावर माझा तरी भरवसा नाही, आयन जवळच्या खड्ड्यात अडकतात अन् आपल्याला वाटतं हाच तळ.

मग धुऱ्यासकटच्या ऊर्जेतून तेवढ्याच अणूंच्या अखंड स्फटिकाची ऊर्जा वजा करून क्षेत्रफळानं भागायचं. आकडा जितका लहान तितका धुरा पक्का. मॉडेलचा डबा चारी बाजूंनी पुन्हा पुन्हा जोडलेला असतो, त्यामुळे धुरे दोन येतात, २ नं भागायचं राहिलं की आकडा दुप्पट.

परका आयनही असाच तपासतात, आधी दाण्यात ठेवून, मग धुऱ्यावर. यट्रियमच्या आयनाची त्रिज्या ०.९० अँगस्ट्रॉम, ॲल्युमिनियमची ०.५४, त्यामुळे ते ॲल्युमिनाच्या दाण्यात मावत नाही, धुऱ्यावर ऐसपैस बसतं, आणि असं ॲल्युमिना तापल्यावर दाबाखाली साध्या ॲल्युमिनापेक्षा हळू आकार बदलतं.

डीएफटीनं, म्हणजे इलेक्ट्रॉनांपासून ऊर्जा काढायच्या क्वांटम पद्धतीनं, हिशोब जास्त खरा येतो, पण काहीशे अणूंतच मशीन दमतं. साध्या पोटेन्शियलवर, म्हणजे अणूंमधल्या ओढाताणीच्या तयार सूत्रावर, लाखो अणू चालतात, तरी भट्टीत माल तासन् तास भाजतो अन् मॉडेलमधले अणू काही नॅनोसेकंदच हलतात, म्हणून धुरा सरकताना पाहायचा तर तापमान मुद्दाम चढवून ठेवावं लागतं.