क्लच नाही म्हणून ऑटोमॅटिक?

गेल्या गणपतीत लंडनच्या महाराष्ट्र मंडळात आरती आटोपल्यावर एका मुलाने त्याची व्हीलचेअर माझ्या व्हीलचेअरशेजारी लावली. पंचविशीतला असेल. कंबरेखाली पाय चालत नाहीत, गाडी हातांनीच चालवणार. म्हणाला, "ताई, टोयोटाची एमआर-टू मिळतेय. दोन सीटची, उघड्या टपाची, आणि ऑटोमॅटिक. घेऊ का?"

मी विचारलं, "गिअरच्या दांड्याशी 'पी' लिहिलंय का?"

त्याने फोन काढला, जाहिरातीतला फोटो दोन बोटांनी ताणून मोठा केला. नव्हतं लिहिलेलं.

"मग ती ऑटोमॅटिक नाही."

"पण ताई, क्लच नाहीये!"

हे "पण क्लच नाहीये" मी इतक्यांदा ऐकलंय की आता एकदा सविस्तर लिहूनच टाकते. पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवीन.

यातली अर्धी गोष्ट पुण्यामुंबईतल्या वाचकाला आधीच ठाऊक आहे. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओबरोबर एएमटी आली आणि बघता बघता घरोघरी पोचली. गिअरपेटी साध्या मॅन्युअल गाडीचीच. फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला आत यंत्राचे हात बसवलेले. गिअर बदलताना क्षणभर ओढ तुटते आणि गाडीतल्या सगळ्यांच्या माना एकदम डुलतात. ते तुम्ही अनुभवलंय, मी परत सांगत नाही.

बरेच जण हे विसरतात की हाच प्रकार युरोपातल्या छोट्या स्पोर्ट्‌स गाड्यांमध्ये त्याच्या दहा-बारा वर्षं आधी आला होता. एमआर-टूमध्ये त्याचं नाव एसएमटी, बीएमडब्ल्यूच्या झेड-फोरमध्ये एसएमजी. स्मार्ट रोडस्टर ही ६९८ सीसीची चिमुकली गाडी तर फक्त याच पेटीत मिळायची. आज या गाड्या सेकंडहँड बाजारात परवडण्याजोग्या आहेत आणि प्रत्येक जाहिरातीत 'ऑटोमॅटिक' या रकान्यात टिचून बसल्यात.

जाहिरात देणारा खोटं बोलतोय असंही म्हणता येत नाही. ब्रिटनमध्ये परवाने देणाऱ्या डीव्हीएलएच्या लेखी क्लचचं पेडल नसलेली गाडी म्हणजे ऑटोमॅटिक. ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली की परवान्यावर ७८ हा आकडा येतो, म्हणजे क्लचची गाडी चालवायला बंदी. त्या परवान्यावर एमआर-टूची एसएमटी खुशाल चालवावी. एका विक्रेत्याने मला हेच तीनदा सांगितलं, तिसऱ्यांदा जरा मोठ्याने, जणू माझे कानही गेलेत. कायद्याने त्याचं बरोबरच होतं. ज्याला क्लच येत नाही त्याच्या पायाखाली क्लच येऊ नये, एवढंच कायदा बघतो. गाडी चालवताना तुमचा एखादा हात मोकळा राहतो का, हे बघणं त्याचं कामच नाही.

आणि सगळी मेख तिथेच आहे.

हातांनी चालवायच्या गाडीत स्टिअरिंगखाली एक दांडा बसवतात. पुढे ढकलला की ब्रेक, आपल्याकडे ओढला की रेस. एक हात त्या दांड्यावर, आणि गाडी चालू आहे तोवर तिथेच. दुसरा हात स्टिअरिंगवर बसवलेल्या गोल नॉबवर. तो नॉब मुठीत धरून एका हाताने चाक फिरवायचं. इंडिकेटरची बटणंसुद्धा बहुतेक वेळा त्या नॉबवरच बसवून घेतात, कारण दोन हात संपले. तिसरा देवाने दिलेला नाही.

आता एमआर-टूची एसएमटी घ्या. तिला स्वतःहून गिअर चढवणारा मोडच नाही. थांबताना ती आपोआप खालच्या गिअरला येते, पण वर चढवायचं तुम्ही, दांड्याने किंवा स्टिअरिंगवरच्या बटणांनी. इंग्लंडमध्ये दर मैलाला एक राउंडअबाउट, म्हणजे गोल चौक. तिथे शिरताना ब्रेक ढकललाय, नॉब फिरवताय, चाक अर्धं वळलंय, त्याच्याबरोबर बटणंही फिरून भलतीकडे गेलीत, आणि आता रेस ओढताना इंजिन दुसरा गिअर मागतंय. कुठला हात सोडणार? चाकाचा सोडलात तर गाडी सरळ जाईल. रेसचा सोडलात तर मागचा लॉरीवाला हॉर्नवर बसेल. धडधाकट माणूस अशा वेळी पायाने रेस देत दोन्ही हातांनी आरामात बटणं दाबतो आणि वर म्हणतो, "किती सोपं आहे!" सोपं आहेच. त्याच्याकडे आपल्यापेक्षा दोन अवयव जास्त आहेत.

स्मार्टच्या बऱ्याच गाड्यांत आणि झेड-फोरच्या एसएमजीत आपोआप गिअर बदलण्याची सोय असते. मग भागलं? राउंडअबाउटपुरतं भागलं. पण खरा घात गाडी जागची हलताना होतो, आणि याबद्दल कुणीच बोलत नाही.

खऱ्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरपेटी यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्यात तेल असतं, आणि ते तेलच ओढ पुढे पोचवतं. इंजिन नुसतं चालू असलं तरी थोडी ओढ चाकांपर्यंत जातेच. म्हणून 'डी'मध्ये, म्हणजे ड्राइव्हमध्ये, ब्रेक सोडला की गाडी रांगायला लागते. चालणाऱ्या लोकांना हे रांगणं क्षुल्लक वाटतं, काहींना त्रासदायकही. माझ्या दृष्टीने अख्ख्या गाडीत त्याच्याइतकी मोलाची गोष्ट दुसरी नाही. पार्किंगमध्ये शिरायचं असलं तर रेसला हातच लावायचा नाही. दांडा हलकेच ढकलत आणि सैल करत फक्त ब्रेकवर गाडी खेळवायची. अपंगांसाठीच्या जागेशेजारी १.२ मीटरची रेघारेघांची पट्टी असते. या गाड्यांची दारं लांब, ती पूर्ण उघडल्याशिवाय खुर्ची लावता येत नाही. म्हणजे गाडी वीतभर इकडेतिकडे झाली की उतरणंच बंद. ती वीत ब्रेकने साधते. रेस तसूभर ओढून साधायची म्हटली, तर पाय आखडून अंगाला एक झटका आला की गाडी समोरच्या भिंतीत.

या जुन्या स्पोर्ट्‌स गाड्यांतल्या, यंत्राच्या हाताने क्लच दाबणाऱ्या पेट्यांत क्लच साधाच असतो, दाबला की पूर्ण सुटतो. उभ्या गाडीत इंजिन आणि चाकं यांचा संबंधच राहत नाही. पुढे जायला रेस दिलीच पाहिजे.

चढावर तर विचारूच नका. याच जातीच्या पेटीची एक गाडी मी विकणाऱ्याच्या घरी जाऊन चालवून पाहिली. त्याच्या दारातून रस्त्याला लागायचं तर छोटासा चढ होता. मी ब्रेक ढकलून थांबले होते. निघायचं म्हणजे दांडा ब्रेकपासून रेसपर्यंत आणायचा, आणि एकच दांडा असल्यामुळे वाटेत एक क्षण असा येतोच की ब्रेकही नाही आणि रेसही नाही. त्या क्षणात गाडी मागे गेली. फार नाही, तीन-चार फूट. पण मागे त्याच्या बायकोच्या कुंड्या होत्या. पायाने चालवणाऱ्याने अशा वेळी हँडब्रेक ओढून सावकाश सोडला असता. मला हँडब्रेक ओढायला चाक सोडावं लागलं असतं. पुढच्या काळातल्या गाड्यांत चढावर क्षणभर ब्रेक धरून ठेवण्याची सोय आली. तुम्ही बघताय ती गाडी जुनी असली तर ते धरून चालू नका. टॉर्क कन्व्हर्टर असता तर एवढ्याशा चढावर त्या क्षणात त्याच्या ओढीनेच गाडी जागच्या जागी राहिली असती.

मी सांगलीत कॉलेजला कायनेटिक होंडावर जायचे, मागे दोन जादा चाकं लावून. पोलिओच्या पायांना तेवढंच वाहन होतं. तिला गिअर नव्हते. मूठ पिळली की निघाली, बाकी सगळं तिचं तिने बघायचं. ऑटोमॅटिक म्हणजे काय, याचा धडा माझ्या हातांनी तिच्यावर गिरवलाय, त्यामुळे अर्धवट ऑटोमॅटिक त्यांना लगेच कळतं.

एक मात्र खरं. हे सगळं ज्यांचे दोन्ही पाय साथ देत नाहीत त्यांच्यासाठी. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांचा फक्त डावा पाय गुडघ्याखाली नाही. ते हीच एमआर-टू कैक वर्षं मजेत चालवताहेत, हाताने गिअर बदलताना गाणी म्हणतात. उजवा पाय ब्रेक आणि रेस बघतो, दोन्ही हात मोकळे. त्यांना क्लच नको होता, एवढंच, आणि तेवढं ती गाडी देते. तेव्हा "अपंगांसाठी कुठली चांगली" या प्रश्नाला उत्तर नाही. कुठला अवयव साथ देत नाही ते आधी सांगा.

आता ओळखायचं कसं? 'पी' बघा. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत पी-आर-एन-डी असं असतं, कारण 'पी'मध्ये, म्हणजे पार्कमध्ये, पेटी कुलूप लावल्यासारखी अडकते. एसएमटी, एसएमजी, स्मार्ट रोडस्टर, कुणाकडेच 'पी' नाही. सेलेरिओच्या एएमटीतही नाही, खाली जाऊन बघून या. झेड-फोरच्या बाबतीत हे विशेष सांभाळा. २००२ ते २००८ मधल्या त्या गाडीत एसएमजीही मिळायची आणि खरी ऑटोमॅटिकही, आणि जाहिरातीत दोन्हींना एकच शब्द. स्टिअरिंगमागच्या गिअर बदलायच्या पाकळ्यांवर जाऊ नका, त्या हल्ली कशालाही लावतात.

दोन क्लचच्या पेट्या, जशी ऑडी टीटीची एस-ट्रॉनिक, मुद्दाम रांगतात. तेवढ्यापुरत्या त्या चालतील. एमजी टीएफची बेल्टवर चालणारी स्टेपस्पीडही या बाबतीत ठीक. माझा जीव त्यांच्यावर नाही, पण नाही म्हणायला कारणही नाही.

माझी पसंती विचाराल तर माझदा एमएक्स-५. २००५ ते २०१५ या पिढीतली, कडक घडीच्या टपाची, २.० लिटरची, सहा गिअरची ऑटोमॅटिक. टप बारा सेकंदांत मागे जातो. आधी डोक्यावरची एक कडी हाताने सोडावी लागते, ती बसल्या जागी सुटते. नंतरच्या पिढीच्या आरएफमध्ये तीही भानगड नाही. बोजा जास्त असेल आणि थोडं ऐसपैस हवं असेल तर मर्सिडीजची एसएलके, २००४ ते २०११ मधली. तिचा टप बावीस सेकंद घेतो. या दहा सेकंदांच्या फरकावरून लोक तासन्‌तास भांडतात. पाऊस आलाच तर दोन्हीत तुम्ही भिजाल.

कापडी टप की कडक, या वादातही मला रस नाही. नव्या एमएक्स-५चा कापडी टप हाताने, खांद्यावरून मागे टाकायचा असतो. रोज व्हीलचेअर ढकलणाऱ्यांचे खांदे त्याला पुरून उरतात. उलट टप उघडा असला की सुटी केलेली चाकं आणि खुर्चीचा सांगाडा डोक्यावरून शेजारच्या सीटवर ठेवता येतो. बंद गाडीत तेच करताना कोपर दर वेळी आरशाला लागतं.

सीट खाली असते. खुर्चीवरून गाडीत जाणं म्हणजे उतार, बाहेर येणं म्हणजे चढ. विकत घेण्याआधी बाहेर येऊन बघा, आत जाऊन नव्हे.

एमएक्स-५च्या शौकिनांचं एक पालुपद असतं: ऑटोमॅटिक घेतलीत तर गाडीचा आत्माच गेला. जपानात ही गाडी १९९० पासून ऑटोमॅटिक मिळतेय, आत्मा अजून आहे. आणि हाताने गिअर टाकण्याची मजा मला सांगू नका. माझ्या एका हातात ब्रेक आणि रेस आहे, दुसऱ्यात सगळं स्टिअरिंग. हातांनी गाडी चालवणं म्हणजे काय, ते त्यांनी एकदा असं चालवून बघावं.

पैशांचं थोडक्यात. पिप या अपंगांसाठीच्या सरकारी भत्त्याचा हालचालीसाठीचा वरचा दर मिळत असेल तर रोडटॅक्स माफ होतो, खालच्या दराला निम्मा. दांडा आणि नॉब बसवून घेण्यावर व्हॅट लागत नाही. विमा कंपनीला मात्र बदल कळवायलाच हवेत. आणि गाडी ठरवण्याआधी ड्रायव्हिंग मोबिलिटीच्या एखाद्या केंद्रात जाऊन या. तिथे हातांच्या गाडीवर बसवून बघतात, विकत काही घ्यावं लागत नाही.

त्या मुलाने परवा नवा फोटो पाठवला. एसएलके, २००६ ची, राखाडी. 'पी' आहे. आता तिच्या डिकीतला गालिचा उचलून खाली ओल आहे का, तेवढं बघायला सांगितलंय.