मोठ्या आतड्याचा कर्करोग : जोखीम आणि प्रतिबंध

मोठे आतडे व गुदाशय यांच्या अस्तरात होणारा हा कर्करोग जगभरात रुग्णसंख्येने तिसऱ्या, तर मृत्युसंख्येने दुसऱ्या क्रमांकावर असून २०२२ मध्ये त्याचे सुमारे १९ लाख नवे रुग्ण असल्याचा अंदाज आहे. बहुधा त्याची सुरुवात अस्तरावर उगवणाऱ्या पॉलिप नावाच्या मांसल गाठीपासून होते. सगळेच पॉलिप बिघडत नाहीत. जे बिघडतात त्यांनाही साधारणपणे दहा किंवा अधिक वर्षे लागतात, आणि प्रतिबंधाचा सारा विचार या अवधीवर उभा आहे.

पन्नाशीनंतरचे वय, आईवडील वा भावंडांपैकी कोणाला झालेला हा आजार, लिंच सिंड्रोमसारखे आनुवंशिक दोष आणि आतड्याचा दीर्घकालीन दाह या गोष्टी बदलता येत नाहीत. तंबाखू, मद्य, पोटाभोवतीची चरबी व बैठे काम यांचे तसे नाही.

आहाराबाबत सर्वांत भक्कम पुरावा सॉसेज, बेकन यांसारख्या प्रक्रिया केलेल्या मांसाविरुद्ध आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ते कर्करोगकारक ठरवले. रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास जोखीम सुमारे १८ टक्क्यांनी वाढते. ही वाढ मूळ जोखमीच्या तुलनेतली आहे. शंभरातल्या अठरा जणांना कर्करोग होतो, असा तिचा अर्थ लावणे चूक होय. याउलट ज्वारी-बाजरीची भाकरी, न चाळलेले पीठ व उसळी यांतील तंतू आतड्यातील जिवाणू आंबवतात आणि त्यातून तयार होणारे ब्युटिरेट अस्तराच्या पेशींचे पोषण करते.

कोलोनोस्कोपीत, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून केलेल्या मोठ्या आतड्याच्या तपासणीत, पॉलिप दिसला, तर दुर्बिणीतूनच तारेचा फास त्याच्या देठाभोवती आवळून तो तिथल्या तिथे काढता येतो; म्हणजे ही तपासणी निदानाबरोबर प्रतिबंधही करते. अमेरिकेत २०२१ पासून लक्षणे नसलेल्यांनाही ४५व्या वर्षापासून तपासणी सुचवली जाते. भारतात मात्र सरकारी कर्करोग तपासणीचा भर तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांवर आहे, त्यामुळे येथे लक्षणांकडे लक्ष देणे अधिक महत्त्वाचे ठरते. शौचावाटे रक्त गेले की ‘मूळव्याधच असेल’ असे गृहीत धरून महिनोन्‌महिने मलम व चूर्णावर काढले जातात. वास्तविक मूळव्याध आणि कर्करोग एकाच रुग्णात असू शकतात, आणि गुदाशयाच्या खालच्या भागातील गाठ पुष्कळदा डॉक्टरांनी हातमोजा घालून केलेल्या बोटाच्या साध्या तपासणीतही लागते.